बहात्तर हजार नागपुरात, पंच्याण्णव हजार डोंबिवलीत

ॲडमिशनच्या सीझनमध्ये आमच्या ऑफिसात एक काका आले होते. मी नागपूरच्या महाल भागात एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, चौदा वर्षं झाली, दिवसभर लोकांचे फॉर्म सोळा (कंपनीनं दिलेला पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला), पासबुकं आणि उत्पन्नाचे दाखले हेच बघत असते. काका हिंगणा एमआयडीसीत परमनंट कामगार, ओपनमधले, मुलीला इंजिनीअरिंगला प्रायव्हेट कॉलेज मिळालेलं. 2024 पासून राज्य सरकारने वर्षाला 8 लाखांच्या आतल्या घरच्या मुलींची अशा व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये, त्यांनी त्याच भरवशावर ते कॉलेज भरलं होतं. आणि फॉर्म सोळावर आकडा आला 8 लाख 11 हजार. मार्चमध्ये कंपनीत माल अर्जंट होता म्हणून ओव्हरटाइम केला, दिवाळीला एकरकमी पैसे मिळाले होते, त्या दोन्हीनं मिळून ते वर गेले. मी दोनदा बेरीज केली. ते समोर बसून, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत मला विचारतात, "ताई, ते दिवाळीचे पैसे वापस करता येते का?"

नाही करता येत. 11 हजार जास्त कमावले म्हणून पहिल्याच वर्षी सव्वा लाखाच्या आसपास फी भरायची.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जातच नाहीये. मिडल क्लास मिडल क्लास सगळे म्हणून राहिले, बजेट आलं की टीव्हीवर तेच, इलेक्शन आलं की तेच, पण हा मिडल क्लास नेमका कोण हे ठरवताना आपल्याकडे एक आकडा घेतात आणि तो गडचिरोलीपासून कुलाब्यापर्यंत सारखा लावून टाकतात. माझं म्हणणं आहे की हे मुळातच चूक आहे. त्या गावात, त्या शहरात नीट जगायला काय लागतं ते काढल्याशिवाय उत्पन्नाच्या आकड्याला काही अर्थच नसतो.

आधी सरकारी आकडेच बघा, मला ते पाठ झालेत. रेशनचा अन्नसुरक्षेचा लाभ पाहिजे तर शहरात वर्षाला 59 हजारांच्या आत, खेड्यात 44 हजारांच्या आत. एक लाखाच्या वर गेलात की पांढरं कार्ड, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार कमावणारं घरसुद्धा पांढऱ्या कार्डवालं. लाडक्या बहिणीला अडीच लाख. ओबीसींच्या क्रीमी लेयरला आणि ईडब्ल्यूएसला, म्हणजे ओपनमधल्या आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाला, 8 लाख. केंद्राच्या शहरी आवास योजनेत 6 ते 9 लाखवाला मध्यम उत्पन्न गट. आणि 2025 च्या बजेटमध्ये 12 लाखांपर्यंत टॅक्स शून्य, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा, तेव्हा सगळ्या पेपरांत एकच, मिडल क्लासला दिलासा. त्यात प्राइस नावाची संशोधन संस्था आहे, ती 2020-21 च्या किमतींनुसार वर्षाला 5 ते 30 लाखांच्या घराला मध्यमवर्ग म्हणते आणि देशातले 31 टक्के लोक त्यात बसतात असं सांगते. म्हणजे महिन्याला एक्केचाळीस-बेचाळीस हजारवाला आणि अडीच लाखवाला, दोघं एकाच पोत्यात.

बरं यातलं अर्धं माणशी मोजतात आणि अर्धं घराचं. टॅक्स माणशी आहे. नवरा-बायको दोघांना अकरा-अकरा लाख पगार असेल तर घरात बावीस लाख येतात आणि टॅक्स शून्य, आणि एकटाच माणूस सोळा लाख कमावतो, घरात बायको, दोन पोरं, आईवडील, तर त्याला नव्या पद्धतीत लाखाच्या वर टॅक्स बसतो. मी स्वतः अशी दोन्ही प्रकारची रिटर्न एकाच दुपारी भरलेली आहेत. दुसरा माणूस श्रीमंत आणि पहिलं घर मिडल क्लास, हे कोणत्या हिशोबानं?

आता आमच्या घराचं सांगते कारण दुसऱ्यांचे आकडे सांगण्यापेक्षा ते बरं. आम्ही मानेवाड्याला राहतो, पाच जण, सासूबाई धरून. दोघांचे मिळून हातात 72 हजार येतात. मी वही ठेवते, शाळेतली लांब वही असते ना रेघांची, तीच, आणि रोज रात्री ओटा पुसून झाला की लिहिते. फ्लॅटचा हप्ता साडेएकोणीस हजार. किराणा, दूध, भाजी साडेतेरा. पोरांची शाळा, व्हॅन, ट्युशन मिळून चौदा. सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं तीन हजार दोनशे, विम्याचे हप्ते महिन्याला पाडले तर तीन हजार आठशे. मग पेट्रोल, लाइट बिल, गॅस, मोबाईल, मेंटेनन्स, भांडेवाली बाई. सगळं जाऊन सात हजार तीनशेच्या आसपास उरतात, त्यात कपडे, लग्नातले आहेर, गाडीचं काम, दिवाळी आणि कोणी आजारी पडलं तर ते.

माझी नणंद डोंबिवलीला असते. त्यांच्या घरी 95 हजार येतात. कागदावर ती माझ्यापेक्षा तेवीस हजारांनी पुढे आहे. मागच्या उन्हाळ्यात ती आली होती तेव्हा दुपारी कूलरसमोर बसून आम्ही दोघींनी मिळून तिचाही हिशोब लिहून काढला, माझ्याच वहीच्या मागच्या पानावर. तिचा हप्ता चौतीस हजार, सहाशे फुटांच्या घराचा. शाळा आमच्यापेक्षा महाग, बाई महाग, भाजी महाग. उरतात आठ हजार. ती म्हणाली, "वहिनी, मग मी एवढी धावतेय कशासाठी?" सकाळी सव्वासातची लोकल पकडते बिचारी.

लगेच कोणी म्हणेल की मग सोपं आहे, मुंबईला आकडा वाढवा, नागपूरला कमी करा, नागपूर स्वस्त शहर आहे. इथे मला जरा थांबायचंय, कारण हे "नागपूर स्वस्त" प्रकरण लोक फार पटकन बोलून मोकळे होतात. नागपूर घराच्या बाबतीत स्वस्त आहे, हे खरं. माणसाच्या श्रमाच्या बाबतीत स्वस्त आहे, म्हणजे बाई, सुतार, शिवणारा टेलर, आणि ते स्वस्त आहे कारण त्यांना कमी मिळतं, ही काही मिरवायची गोष्ट नाही. बाकी काय स्वस्त आहे? मोबाईल, गाडी, गॅस, सोनं, औषधाच्या पाकिटावरची एमआरपी, टर्म इन्शुरन्स, नीट-जेईईच्या मोठ्या क्लासेसची फी, यात नागपूर म्हणून कोणी आपल्याला मोठी सूट देत नाही. पेट्रोल दोन्हीकडे शंभरीच्या वर. आणि नणंदेला महिन्याचा लोकलचा पास काही शे रुपयांत पडतो, माझ्या नवऱ्याला मानेवाड्याहून हिंगणा रोडला जायला रोजचे तीस किलोमीटर होतात, त्याचंच पेट्रोल अठराशे. मेट्रो आहे, चांगली आहे, पण ती आमच्या घरापासून त्याच्या कंपनीच्या गेटपर्यंत जात नाही. नागपुरात घरात दोन टू-व्हीलर असणं ही चैन नाहीये, दोघं कामावर जात असतील तर त्याशिवाय भागतच नाही.

आणि उन्हाळा. हे बाहेरच्यांना सांगूनही कळत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो, रात्री दोन वाजता भिंती गरम असतात, घरात म्हातारं माणूस आहे, कूलर चोवीस तास चालतो, आता तर नुसत्या कूलरनं होतही नाही. आमचं हिवाळ्यातलं बिल चौदाशे येतं आणि मेचं बेचाळीसशे. महावितरणचे स्लॅब मात्र सगळ्यांना एकच, शंभर युनिटपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि पहिल्या शंभर युनिटचा दर आणि तीनशेच्या वरचा दर यात दुपटीहून जास्त फरक आहे. म्हणजे महाबळेश्वरला जो माणूस तीनशे युनिट ओलांडतो तो कदाचित खरंच ऐषारामात असेल, पण नागपुरात मे महिन्यात तीनशे ओलांडणारा फक्त झोपायचा प्रयत्न करत असतो. हाच माझा मुद्दा आहे सगळा, एका आकड्याचा अर्थ दोन गावांत वेगळा होतो.

गंमत म्हणजे सरकारला हे माहीत नाही असं अजिबात नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता घ्या, शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट आहेत. मुंबई-पुणे एक्स, नागपूर वाय, आणि सध्या बेसिकच्या 30, 20 आणि 10 टक्के असा दर आहे. म्हणजे स्वतःच्या नोकराला पगार देताना सरकार मान्य करतं की गावागणिक खर्च वेगळा. तिकडे म्हाडा घर देताना काय करते, तर उत्पन्न गट ठरवताना नागपूर महानगराला मुंबई आणि पुण्याच्या रांगेत बसवते, 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 9 पर्यंत अल्प, 12 पर्यंत मध्यम, आणि उरलेल्या महाराष्ट्राला पहिल्या दोन गटांत त्याहून कमी आकडा. आणि तिसरीकडे फी माफीला, ईडब्ल्यूएसला सगळीकडे सरसकट 8 लाख. एका सरकारी टेबलावर नागपूर मुंबईपेक्षा एक पायरी खाली, दुसऱ्यावर मुंबईच्या बरोबरीला, तिसऱ्यावर काही फरकच नाही. आम्ही एकच शहर आहोत ना?

केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये तर घराचीसुद्धा अट आहे, एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल तर बाद. आता हजार फूट दादरला म्हणजे काही कोटी, आणि आमच्या बेसा-मनीषनगरकडे चाळीस-पन्नास लाखांत होतो, तोही वीस वर्षांच्या कर्जावर. नणंद सहाशे फुटांत राहते म्हणून ती गरीब आणि मी हजाराला टेकले म्हणून मी श्रीमंत, असं होतं का? खरं तर तिच्या घराची किंमत माझ्या घरापेक्षा जास्त आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. हप्ता तिला जड जातो पण वीस वर्षांनी तिच्या हातात जास्त मोठी वस्तू असेल. उरलेल्या पैशात आम्ही दोघी सारख्या आहोत, मालमत्तेत नाही. म्हणून नुसतं "खर्च वजा करा" म्हणूनही पूर्ण होत नाही, मला कळतं ते.

क्रीमी लेयरचा इतिहास बघितला तर अजून एक गोष्ट दिसते. 1993 मध्ये ती मर्यादा 1 लाख होती, मग 2004 ला अडीच, 2008 ला साडेचार, 2013 ला 6 आणि 2017 ला 8 लाख. का वाढवली? कारण महागाई वाढली, जुना आकडा फोल झाला. म्हणजे काळाप्रमाणे आकडा बदलावा लागतो हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केलंय. (आणि 8 वर येऊन तो थांबला तो थांबलाच, त्यालाही आठ वर्षं होऊन गेली.) जर 2008 चा रुपया आणि 2017 चा रुपया सारखा नाही, तर डोंबिवलीचा रुपया आणि नागपूरचा रुपया सारखा कसा? गरिबीची रेषा काढताना तर जागेचा विचार झालेला आहे, तेंडुलकर समितीच्या पद्धतीत 2011-12 ला देशपातळीवर खेड्यात माणशी महिन्याला 816 आणि शहरात 1000 रुपये अशी रेषा होती आणि ती पुन्हा प्रत्येक राज्याला वेगळी. आकडे फारच कमी होते, त्यावर तेव्हा भांडणं झाली आणि व्हायलाच पाहिजे होती, पण भाव जागेप्रमाणे वेगळे असतात ही गोष्ट तरी त्यात धरलेली होती. गरीब मोजताना जी अक्कल वापरली ती मधला माणूस मोजताना काऊन नाही वापरत?

कोणी म्हणतात की हे मोजायचं कसं, कटकट आहे. माझ्या कामाच्या निमित्तानं मला एक गोष्ट माहिती झालीये ती सांगते. पूर्वी आपल्याकडे खास शहरी, अंगमेहनतीचं काम न करणाऱ्या नोकरदार घरांसाठी वेगळा महागाई निर्देशांक काढायचे, 1984-85 हे मूळ वर्ष धरून, 59 शहरांतून भाव गोळा करून. घर विकल्यावर कॅपिटल गेन काढताना जो इंडेक्स लावतात तो आधी त्याच्यावरून ठरायचा, म्हणून आमच्या लाइनमध्ये तो माहिती होता. म्हणजे थेट मिडल क्लासचाच निर्देशांक होता तो, आणि तो बंद झाला. आता शहरी ग्राहक निर्देशांक आहे, कामगारांचा वेगळा आहे, दर महिन्याला बाजारात जाऊन भाव लिहून आणणारी यंत्रणा उभी आहे. फक्त अडचण अशी की हे निर्देशांक एकाच जागी भाव किती वाढले ते सांगतात, दोन जागांपैकी महाग कोणती ते सांगत नाहीत. नागपूरचा निर्देशांक मुंबईपेक्षा वर दिसला तरी त्याचा अर्थ नागपूर महाग असा होत नाही, एवढाच होतो की मूळ वर्षापासून इथे जास्त वाढ झाली. पण भाव तर गोळा होतातच ना, मग त्याच भावांवरून एका ठरावीक घराची टोपली लावा, पाच माणसं, दोन खोल्यांचं भाडं, लाइट बिल उन्हाळ्यासकट, शाळा, प्रवास, औषधं, आणि सांगा की ही टोपली मुंबईत इतक्याला, नागपुरात इतक्याला, चंद्रपुरात इतक्याला. मग त्या टोपलीच्या कितीपट उत्पन्न म्हणजे मधला माणूस ते ठरवा. फक्त घरभाडे भत्त्यासारखं लोकसंख्येवर ठरवू नका, पाच लाख ते पन्नास लाख लोकसंख्येचं कोणतंही शहर सरसकट वाय, त्यात भाड्याचा काही संबंधच नाही आणि लोकसंख्या अजून 2011 चीच धरून राहिले.

एक गोष्ट मात्र माझ्या स्वतःच्या म्हणण्याला छेद देते आणि ती मी बरेच दिवस विचारात घेतली नव्हती. "स्थानिक खर्च" म्हणजे तरी कोणत्या जागेचा? आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक आई आणि मुलगी भाड्यानं राहतात, मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडील तिकडे शिक्षक, मुलगी इथे नीटच्या क्लासला. आधार कार्डावर खेडं आहे. पण त्या घराचं दोन जागी भाडं, दोन जागी गॅस, आणि क्लासची फी जी नागपूरकराला तीच त्यांना. उद्या कोणी हिशोब केला की गडचिरोलीत जगायला कमी लागतं म्हणून यांची मर्यादा खाली आणा, तर तो केवढा अन्याय होईल. तेच दवाखान्याचं. मेडिकल आणि मेयो या इथल्या सरकारी दवाखान्यांच्या आवारात रात्री जाऊन बघा, गोंदिया, यवतमाळ, अगदी मध्य प्रदेशातले छिंदवाडा-बालाघाटचे लोक चटई टाकून बसलेले असतात. डॉक्टर आणि कॉलेज ज्या शहरात, खर्च त्या शहरातला. त्यामुळे लहान गावाला "स्वस्त" म्हणून आकडा कमी करायला माझा विरोध आहे. महाग शहराला वर न्या, पण जिथे कॉलेज नाही, मोठा दवाखाना नाही, तिथल्या टोपलीत तो जाण्यायेण्याचा आणि दुसरं बिऱ्हाड मांडायचा खर्च घाला. मग गडचिरोली कागदावर दिसते तेवढी स्वस्त राहणार नाही.

आणि आपण, म्हणजे स्वतःला मिडल क्लास म्हणवणारे, आपणही थोडं खरं बोलायला पाहिजे. केंद्राच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत 2023-24 ला शहरी भारताचा माणशी महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये निघाला. माझ्या वहीत हप्ता सोडून माणशी नऊ हजार येतात. म्हणजे मी सरासरीच्या वर आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या पाहणीत शहरातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा सरासरी खर्च माणशी 20,824 होता, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला 83 हजारांच्या आसपास खर्च होत असेल तर तुम्ही देशाच्या शहरी लोकांत अगदी वरच्या थरात आहात. धरमपेठ, रामदासपेठेतली अशी कितीतरी घरं आमच्याकडे रिटर्न भरायला येतात आणि म्हणतात आम्ही मिडल क्लास लोक. खोटं बोलत नसतात, त्यांना तसं मनापासून वाटतं, कारण ते आपली तुलना बंगलुरूतल्या भावाशी नाहीतर अमेरिकेतल्या पोराशी करतात. पण मधला माणूस कोण हे जर भावनेवर सोडलं तर आवाज त्यांचाच मोठा होतो, सवलत त्यांच्या नावानं मागितली जाते, आणि आमची भांडेवाली, जिचं नवऱ्याबरोबर मिळून वर्षाला दोन लाख होतं, ती पांढऱ्या कार्डावर अडकून बसते. म्हणूनच तर मला मोजमाप पाहिजे, नीट, शहराप्रमाणे, घरातल्या माणसांप्रमाणे. ते माझ्या विरोधात गेलं तरी चालेल.

आणि ती कड्यासारखी रेषा, जी थोडी ओलांडली की सगळीच सवलत जाते, ती घालवा, हे तर आजसुद्धा करता येईल, त्याला कोणती पाहणी नको. 8 लाखांपर्यंत पूर्ण माफी, मग दर वीस-पंचवीस हजारांना थोडी थोडी कमी होत दहा-अकराला संपली, असं करायला काय अडचण आहे? इन्कम टॅक्समध्ये हे आहेच, करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या थोडं वर गेलं तर जेवढं वर गेलं त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत, मार्जिनल रिलीफ म्हणतात त्याला, रिटर्नमध्ये आपोआप येतो. जो माणूस 12 लाख 10 हजार कमावतो त्याच्यासाठी एवढा विचार झालाय. 8 लाख 11 हजारवाल्याच्या मुलीसाठी नाही झाला.

ते काका मागच्या महिन्यात पुन्हा आले होते, दुसऱ्या कामासाठी. मोठीची पहिल्या वर्षाची फी क्रेडिट सोसायटीचं कर्ज काढून भरली. धाकटी आता बारावीत आहे. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले की कंपनीत सांगून ठेवलंय, या वर्षी माझं नाव ओव्हरटाइमला टाकू नका.